पापडाची लाटी, विडीचे पान आणि उंबरठ्यापलीकडचे जाळे

१.
कांदिवलीत चारकोपपासून ठाकूर व्हिलेजपर्यंत कोठेही फिरा, एखाद्या इमारतीच्या फाटकापाशी छोटीशी पाटी हमखास दिसते : ‘घरगुती पुरणपोळी, उकडीचे मोदक, दिवाळीचा फराळ ऑर्डरप्रमाणे मिळेल.’ पाटीमागे एक घर असते, घरात एक ओटा असतो आणि ओट्याशी बहुधा एक बाई असते. अशी दोन घरे डोळ्यांसमोर आणा. दोघींचा हात सारखा, चव सारखी, कष्टही सारखे. दहा वर्षांनी एकीचा व्यवसाय आपल्या जिन्यापुरता उरलेला असतो, तर दुसरीचा माल दादरपर्यंत जात असतो. हा फरक कशाने पडतो?

२.
उत्तर बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या बाहेर सापडते. आज त्याला आपण ‘बिझनेस नेटवर्किंग’ म्हणतो. शब्द नवा आहे. व्यवहार मात्र जुना. ओळख काढणे, शब्द टाकणे, जामीन राहणे, भिशी लावणे ही सगळी त्याचीच देशी रूपे. आजच्या धाग्यात आपण चार मुक्काम करू : गिरगाव (१९५९), सोलापूर (१९६६), गिरणगाव (१९७५) आणि शेवटी पुन्हा कांदिवलीचे चारकोप (१९८५). चारही ठिकाणी विचारायचा प्रश्न एकच : जाळे कोणी विणले, आणि त्याच्या गाठी कोणाच्या हातात राहिल्या?

३.
आधी एक साधी मांडणी. घरात तयार झालेल्या वस्तूला उंबरठा ओलांडण्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, भांडवल : डाळ, पीठ, तेल, सरपण यांसाठी माल विकला जाण्यापूर्वीच हाती लागणारे पैसे. दुसरी, बाजार : शेजारपाजार संपल्यानंतरचा गिऱ्हाईक. तिसरी, विश्वास : बनवणारीला कधीही न भेटलेल्या माणसाने तिची वस्तू निर्धास्तपणे विकत घेणे. या तिन्ही गोष्टी एकट्या घरात निर्माण होत नाहीत. त्या माणसांमाणसांच्या संबंधांतून येतात. म्हणून घरगुती उद्योगाचा इतिहास हा पाककृतींचा इतिहास असतो त्याहून अधिक संबंधांचा इतिहास असतो.

४.
पहिला मुक्काम : गिरगाव, १५ मार्च १९५९. लोहाणा निवास नावाच्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या. जसवंतीबेन जमनादास पोपट या त्यांच्यातल्या एक. शिक्षण बेताचे, हाताशी भांडवल नाही, नोकरीचा अनुभव नाही. जे येत होते ते म्हणजे पापड लाटणे. त्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ या नावाने देशभर पोहोचलेल्या संस्थेची ही सुरुवात. ही गोष्ट आपण अनेकदा ऐकलेली असते. पण ती ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून ऐकलेली असते. आज ती जाळ्याची कहाणी म्हणून वाचू.

५.
पहिला धागा भांडवलाचा. सातजणींनी ८० रुपये उसने घेतले, ते छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून. ‘छगनबाप्पा’ हे ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’चे सदस्य आणि समाजकार्यकर्ते होते. येथे थोडे थांबा. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या संस्थेचा एक सदस्य गिरगावातील गृहिणींना उसने पैसे देतो. या बायकांना बँक ओळखत नव्हती. पण बँकेपलीकडच्या जगात वावरणारा एक माणूस ओळखत होता. भांडवलाची वाट अशी ओळखीतून निघाली.

६.
दुसरा धागा बाजाराचा. पुरुषोत्तम दामोदर दत्तानी यांच्या मध्यस्थीने हे पापड भुलेश्वरच्या व्यापाऱ्याकडे पोहोचले. गिरगाव ते भुलेश्वर हे अंतर पायी फारसे नाही; पण सामाजिक अंतर मोठे होते. एकीकडे चाळीतील गच्ची, दुसरीकडे घाऊक व्यापाऱ्याची पेढी. ते अंतर त्या बायकांनी एकट्याने कापले नाही. दोन्हीकडे ओळख असलेला एक माणूस मधे उभा राहिला, तेव्हा ते कापले गेले.

७.
समाजशास्त्रात या गोष्टीला पुढे नाव मिळाले. अमेरिकन अभ्यासक मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये ‘सैल नात्यांचे सामर्थ्य’ या अर्थाच्या शीर्षकाचा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : सख्खे, शेजारी, जिवलग मित्र यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊकच असते, कारण आपण सारे एकाच वर्तुळात फिरतो. नवी बातमी, नवी संधी येते ती तोंडओळखीच्या माणसाकडून, कारण तो दुसऱ्या वर्तुळातून येतो. सातजणींमधले नाते घट्ट होते. त्यातून काम उभे राहिले. छगनबाप्पा आणि दत्तानी हे सैल धागे होते. त्यांतून बाजार उघडला. उद्योगाला दोन्ही लागतात.

८.
तिसरा धागा विश्वासाचा. सुरुवातीला दोन प्रतींचे पापड करावेत, हलकी प्रत स्वस्तात विकावी, असा विचार होता. छगनबाप्पांनी तो मोडून काढला. एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका, हा त्यांचा आग्रह. हिशेब चोख ठेवण्यावरही त्यांचा भर होता. तुटलेले पापड विक्रीला न जाता शेजारीपाजारी वाटले जात. देणगी मागायची नाही, हेही ठरलेले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. आकडा लहान वाटेल, पण तो देणगीचा किंवा दयेचा आकडा नव्हता; तो विक्रीचा होता.

९.
पहिल्याच वर्षी पावसाने अडवले. पापड वाळेनात, चार महिने काम बंद पडले. दुसऱ्या वर्षी बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला : पापड खाटेवर पसरायचे आणि खालून स्टोव्हची ऊब द्यायची. काम सुरू राहिले. तोवर संख्या वाढतच होती. तीन महिन्यांत पंचवीसच्या आसपास, तिसऱ्या वर्षाअखेर तीनशेच्या पुढे. आता गच्ची पुरेना.

१०.
आणि येथे या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वळण येते. जागा नाही म्हणून बायकांना परत पाठवण्याऐवजी संस्थेने काम बायकांच्या घरी पाठवले. पीठ एका ठिकाणी मळायचे, लाट्या सभासद बहिणींना द्यायच्या, त्यांनी घरी पापड लाटून वाळवून परत आणायचे. मग वजन, तपासणी, पाकीटबंदी पुन्हा एका ठिकाणी. म्हणजे घरगुती काम हे येथे मागासलेपणाचे लक्षण नव्हते. जागेच्या टंचाईवर काढलेला तो संघटित उपाय होता. शेकडो ओटे जोडून एक कारखाना उभा राहिला, ज्याला छप्पर नव्हते.

११.
पण जाळे आपोआप पसरत नाही. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न झाला आणि तो फसला. मालाड म्हणजे कांदिवलीच्या अलीकडचेच स्थानक. मुलुंड आणि दहिसरपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत येऊन तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. जे गिरगावात जमले ते उपनगरात लगेच जमले नाही, ही नोंद यशोगाथांमध्ये सहसा गाळली जाते. मला ती फार मोलाची वाटते. एका गच्चीवरचा परस्परविश्वास गाडीत घालून दुसऱ्या स्थानकावर उतरवता येत नाही. त्यासाठी नियम, नोंदी आणि संस्था लागतात.

१२.
ती घडण पुढच्या काही वर्षांत झाली. १९६२ मध्ये ‘लिज्जत’ हे नाव स्पर्धेतून निवडले गेले. बक्षीस होते पाच रुपये. १९६२–६३ ची विक्री १ लाख ८२ हजारांच्या घरात गेली. जुलै १९६६ मध्ये १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्थेची नोंदणी झाली. त्याच सुमारास खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे अध्यक्ष उ. न. ढेबर यांनी संस्थेचे काम पाहिले. सप्टेंबर १९६६ मध्ये आयोगाने ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली आणि ८ लाख रुपयांचे खेळते भांडवल उपलब्ध झाले.

१३.
८० रुपयांपासून ८ लाखांपर्यंतचा हा सात वर्षांचा प्रवास नीट पाहा. पहिले कर्ज एका व्यक्तीच्या ओळखीवर मिळाले. दुसरे मिळाले संस्थेच्या हिशेबावर. व्यक्तीची ओळख संस्थेच्या नोंदीत रूपांतरित होणे, हाच जाळे पक्के होण्याचा क्षण. (कांदिवलीकरांसाठी जाता जाता : याच आयोगाची सी. बी. कोरा ग्रामोद्योग संस्था ही प्रशिक्षणसंस्था पुढच्याच स्थानकावर, बोरिवली पश्चिमेला आहे.)

१४.
या जाळ्याची रचना कशी होती? लाटणारी प्रत्येक बाई ही मजूर नसून सभासद. एकमेकींना संबोधन ‘बहेन’. शाखेची संचालिका सभासदांतूनच आलेली. नफ्यातोट्यात वाटा साऱ्यांचा. पुरुष पगारी नोकर असू शकतात, सभासद नाही. आज सुमारे ४५,००० स्त्रिया या संस्थेशी जोडलेल्या आहेत आणि २०२१ मध्ये जसवंतीबेनना पद्मश्री मिळाली. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच : जाळ्याच्या गाठी ज्यांच्या हातांनी काम होत होते, त्यांच्याच हाती राहिल्या.

१५.
दुसरा मुक्काम : सोलापूर. साल तेच, १९६६. लिज्जतची नोंदणी झाली त्याच वर्षी संसदेने ‘विडी व सिगार कामगार (सेवाशर्ती) अधिनियम’ संमत केला. का? कारण विडीचा धंदाही घराघरांतूनच चाले. सोलापुरात हजारो बायका तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी नेत, पान कातरीने कापून विड्या वळत, दोऱ्याने बांधत आणि मोजून परत देत. कच्चा माल बाहेरून, काम घरात, तपासणी पुन्हा बाहेर. कागदावर आकृती काढली तर ती लिज्जतच्या आकृतीशी तंतोतंत जुळेल.

१६.
फरक एकच, पण त्या एका फरकाने सारे बदलते. येथे गाठी कारखानदाराच्या आणि मधल्या कंत्राटदाराच्या हाती होत्या. पान किती द्यायचे, किती विड्या परत घ्यायच्या, कोणत्या नापास करायच्या, हे तोच ठरवणार. खराब पानांतून पुऱ्या विड्या निघाल्या नाहीत तर तूट बाईच्या माथी. नापास विडीची मजुरी नाही. वळणाऱ्या बाईला विडी कोठे आणि किती किमतीला विकली जाते, याच्याशी काही कर्तव्य उरत नसे. घर तिचे, वेळ तिचा, बोटे तिची. ओळखी मात्र साऱ्या त्याच्या.

१७.
१९६६ च्या कायद्याने घरखेपी कामगारालाही कामगार मानले, नापास विड्यांच्या प्रमाणावर मर्यादा घातली. सोलापुरात त्यासाठी लढे झाले, संघटना उभ्या राहिल्या. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. म्हणजे जाळे तेथेही विणले गेले. पण ते बाजारात जाण्यासाठी नव्हे, तर बाजाराने पिळून काढू नये म्हणून. धंद्याचे जाळे मालकाचे, तर संघटनेचे जाळे बायकांचे.

१८.
इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ही रचना अनोळखी नाही. अठराव्या शतकात बंगालच्या विणकरांना व्यापारी ‘दादनी’ देत, म्हणजे कापडाची आगाऊ उचल. उचलीने विणकर बांधला जाई. मग कापड कोणाला आणि काय भावाने विकायचे, हे त्याच्या हाती राहत नसे. युरोपातील लोकर आणि सुती धंद्यातही कारखान्यांपूर्वी घराघरांत काम वाटून देणारे व्यापारी होते. घरबसल्या काम मिळणे आणि घरातून उद्योग उभा राहणे, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये गृहकामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार केला, त्यात याच भेदाला स्थान आहे. भारताने त्या कराराला अद्याप अनुमोदन दिलेले नाही.

१९.
तिसरा मुक्काम : गिरणगाव, १९७५. परळ, लालबागच्या चाळींत एकेका खोलीत अनेक गिरणी कामगार राहत. कुटुंब कोकणात किंवा घाटावर. त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय खाणावळवाली करी. ती त्याच चाळीत राहणारी, दहा-वीस जणांचे डबे वा ताटे रांधणारी. कामगाराचा पगार महिन्याने होणार, वाण्याचे देणे मात्र रोजचे. म्हणून ती सावकाराकडे जाई. व्याज फेडता फेडता दागिने आणि भांडी जात. गिऱ्हाईक होते, चव होती, विश्वास होता. नव्हता तो भांडवलाचा धागा.

२०.
प्रेमा पुरव यांनी तो जोडला. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या, नंतर मुंबईच्या कामगार चळवळीत वाढलेल्या या कार्यकर्तीने खाणावळवाल्यांना एकत्र आणले आणि ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले. १९६९ मध्ये १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. पण राष्ट्रीयीकृत बँकेची पायरी चढण्याचे धैर्य आणि कागद चाळीतल्या बाईकडे कोठून येणार? पहिल्या १४ जणींनी कर्ज घेतले ते गटाने, एकमेकींची हमी देऊन. तारण म्हणून सोने नव्हते, शेजारणीचा शब्द होता. आपली हप्त्याची रक्कम चुकली तर तिच्या तोंडाकडे कसे पाहायचे, हीच वसुलीची व्यवस्था.

२१.
योगायोग असा की त्याच १९७५ मध्ये, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, राज्य शासनाने महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे ‘माविम’, स्थापन केले. आज राज्यभर पसरलेल्या बचत गटांच्या मागे जी कल्पना आहे, तिचा एक आरंभ असा गिरणगावच्या खाणावळींत सापडतो. दरवर्षी मुंबईत भरणाऱ्या ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शनात गटांच्या बायका पापड, लोणची, मसाले मांडून बसतात, तेव्हा त्यांच्यामागे हा इतिहास उभा असतो.

२२.
पण अन्नपूर्णाच्या गोष्टीत एक कठोर धडाही आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार थांबले, अनेक कामगार गावी परतले. खाणावळवालीचे गिऱ्हाईक आणि तिची उधारी, दोन्ही एकदमच गेली. चूल तीच, मंडळ तेच. पण साऱ्या ताटांचा धनी एकच धंदा होता आणि तोच बुडाला. जाळ्याचे सगळे दोर एकाच खुंटीला बांधले असतील, तर खुंटी उखडल्यावर जाळे कितीही घट्ट विणलेले असो, ते खाली येते. पुढे टिकण्याची वाट होती ती कचेऱ्या आणि इतर गिऱ्हाईक शोधण्याची, म्हणजे नव्या सैल धाग्यांची.

२३.
चौथा मुक्काम : चारकोप, कांदिवली पश्चिम. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘मुंबई नागरी विकास प्रकल्प’ सुरू झाला. चारकोप, गोराई, मालवणी अशा ठिकाणी तयार इमारती न देता रस्ते, पाणी, मलनिस्सारण यांसह छोटे भूखंड अल्प उत्पन्न गटांना देण्यात आले. घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे. साधारण ३५ घरांची एक सहकारी गृहनिर्माण संस्था आणि मधे सामाईक चौक, ही चारकोपची ओळख. आज सेक्टरांतून चालताना तो चौक अजूनही दिसतो.

२४.
घरगुती उद्योगाच्या दृष्टीने हा नकाशा विलक्षण आहे. पहिले म्हणजे, घर कायदेशीर. त्यामुळे पत्ता पक्का, आणि पक्क्या पत्त्यावर कर्ज, परवाना, वीजजोडणी मागता येते. दुसरे, तळमजला थेट रस्त्याला किंवा चौकाला लागलेला. म्हणून शिलाईयंत्र, पिठाची गिरणी, शिकवणी, पोळीभाजी यांना दार मिळाले. तिसरे, ३५ घरांना मिळून संस्था चालवायची, म्हणजे सभा, हिशेब, इतिवृत्त, निवडणूक हे सारे आलेच. गिरगावच्या गच्चीवर जे योगायोगाने जमले, त्याची पूर्वतयारी येथे आराखड्यातच होती. वर्षे गेली तसे येथील घरांवर मजले चढले आणि तळमजल्यांवर दुकाने थाटली गेली.

२५.
या चौकातील बायकांचे स्वतःचे जाळेही होतेच. भिशी हे त्यातले सर्वांत भक्कम. दरमहा ठरावीक रक्कम, दरमहा एकीच्या नावाची चिठ्ठी; मिक्सर, शिलाईयंत्र किंवा मोठी शेगडी घरात येते ती पुष्कळदा त्या चिठ्ठीतून. संक्रांतीचे हळदीकुंकू हे दुसरे; वाण लुटताना मसाल्याच्या पुडीचीही ओळख होते. (या प्रथेने विधवांना दीर्घकाळ बाहेर ठेवले, हेही विसरू नये, ज्यांना कमाईची सर्वाधिक गरज, त्यांनाच जाळ्याबाहेर ठेवणारे जाळे आपल्याकडे होते.) गणेशोत्सवाच्या मंडपाशेजारचा खाद्यपदार्थांचा स्टॉल हे तिसरे. आणि रोजचा डबा घेऊन पश्चिम रेल्वेने चर्चगेटकडे जाणारा डबेवाला हे चौथे.

२६.
१९८५ या सालाला आणखी एक अर्थ आहे. चारकोपचा प्रकल्प सुरू झाला त्याच वर्षी कॅलिफोर्नियात आयव्हन मिझनर यांनी ‘बीएनआय’ ही व्यावसायिकांची संघटना काढली. दर आठवड्याला भेटायचे, एका गटात एका व्यवसायाचा एकच सदस्य घ्यायचा, आणि एकमेकांना गिऱ्हाईक सुचवायचे. मराठी जगात २००० मध्ये माधवराव भिडे यांनी ‘सॅटर्डे क्लब’ उभा केला. रेल्वेच्या सेवेतून उद्योगात आलेल्या या अभियंत्याचा हेतू सरळ होता : मराठी माणसाने मराठी माणसाला धंदा द्यायला शिकावे. गुजराती, मारवाडी, सिंधी समाजांत जे नात्यागोत्यातून होत होते, ते येथे ठरवून, सभासदत्वातून घडवायचे होते.

२७.
अशा औपचारिक संघटनांनी अनेकांचे धंदे वाढवले आहेत, यात शंका नाही. पण त्यांची किंमत पैशांत कमी आणि वेळेत जास्त मोजावी लागते. सकाळी सातची सभा ही छपाईचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाला सोयीची असते. त्याच वेळी मुलांचा, नवऱ्याचा आणि बारा गिऱ्हाइकांचा डबा भरणाऱ्या बाईला ती अशक्य असते. लिज्जतच्या बहिणीही सकाळीच पिठासाठी बाहेर पडत, हे खरे. पण तेथे वेळापत्रक त्याच बायकांनी बेतले होते. जाळे कोणासाठी विणले आहे, हे त्याच्या घड्याळावरून कळते.

२८.
आता वर्तमान. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले बंद झाली आणि सोसायट्यांचे व्हॉट्सॲप गट एकाएकी बाजार बनले. ‘बी विंगमध्ये आज थालीपीठ’ एवढ्या एका ओळीवर विक्री होऊ लागली. येथे घट्ट नाती होती, विश्वास होता, दलाली शून्य. दुसरीकडे घरपोच अन्न देणारी ॲप आहेत. ती चारकोपच्या ओट्याला अंधेरीच्या गिऱ्हाइकाशी जोडतात. ग्रॅनोव्हेटरच्या भाषेत हा सैल धाग्यांचा महापूर आहे. पण गिऱ्हाइकाचा दूरध्वनी क्रमांक बनवणारीकडे राहत नाही, यादीत वर कोण दिसणार हे तिला ठरवता येत नाही, आणि दलालीचा दरही दुसरीकडेच ठरतो. सोलापूर आठवते ना?

२९.
ॲप म्हणजे विडीचा कंत्राटदारच, असे मी म्हणणार नाही. ॲपवरची बाई दुसरीकडेही विकू शकते. भाव पुष्कळदा स्वतः ठरवते. पण इतिहास आपल्याला एक कसोटी हाती देतो आणि ती दोन्हीकडे चालते. कोणत्याही जाळ्यात शिरताना विचारावे : गिऱ्हाईक कोणाच्या ओळखीचे होते आहे, माझ्या की मधल्याच्या? माल नापास करण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्या निर्णयावर दाद कोठे मागायची? हिशेब मला दिसतो का? आणि हे जाळे उद्या तुटले तर माझ्या हाती काय उरेल?

३०.
गिरगावच्या बायकांजवळ या चारही प्रश्नांची उत्तरे होती, सोलापूरच्या बायकांना ती लढून मिळवावी लागली आणि गिरणगावच्या बायकांना चौथ्या प्रश्नाचे उत्तर संपाने शिकवले. कौशल्य तिन्हीकडे होते. कष्ट तर सोलापुरात कदाचित सर्वांत अधिक होते. म्हणून ‘मेहनत करा, ओळखी वाढवा, धंदा वाढेल’ हा उपदेश अपुरा आहे. ओळखी वाढल्याने धंदा वाढतो हे खरेच. पण वाढलेला धंदा कोणाचा, हे ओळखींच्या संख्येवरून ठरत नाही. ते मालकीवरून ठरते.

३१.
शेवटी एक विनंती. लिज्जतचा इतिहास आपल्याला माहीत आहे कारण तिथे पहिल्या दिवसापासून हिशेब लिहिला गेला. कांदिवली, मालाड, बोरिवलीच्या हजारो घरगुती उद्योगांचा इतिहास मात्र भिशीच्या वह्यांत, फराळाच्या ऑर्डरींच्या डायऱ्यांत, बिलबुकांच्या स्थळप्रतींत पडून आहे आणि दर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातो आहे. तुमच्या आजीकडे, काकूकडे, शेजारच्या काकींकडे अशी वही असेल तर त्यांची परवानगी घेऊन तिची छायाचित्रे काढून ठेवा. आणि सोबत एक प्रश्न विचारून उत्तर लिहून घ्या : ‘पहिले बाहेरचे गिऱ्हाईक तुम्हाला कोणी आणून दिले?’

३२.
त्या उत्तरात एक नाव येईल. एखादी बालवाडीची शिक्षिका, लोकलच्या महिला डब्यातली मैत्रीण, वाणी, डबेवाला, किंवा सोसायटीचा चिटणीस. ही नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. तुमच्याकडे जमा झालेल्या नोंदी, खासगी तपशील आणि खरी नावे वगळून, या धाग्याखाली लिहा. पुढच्या धाग्यात आपण त्यांतून उपनगरातील भिशीचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न करू.